कल्याणप्पांच्या नावाची घागर

उस्मानाबाद
१० डिसेंबर १९७२

अप्पा,

पाया पडते, पण सांगितलेलं ऐकणार नाही. हे आधीच लिहिलं म्हणजे पुढचं वाचायचं का चुलीत घालायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

तुमचं कार्ड काल मिळालं. ‘पंधरा तारखेस मुलींचे वसतिगृह बंद होत असल्याचे कळले. बॅग व तांब्याची घागर घेऊन नळदुर्गास निघून येणे. उमरग्याची मंडळी बघण्यास येणार आहेत.’ झालं कार्ड. अव्वाचा एका शब्दाचा निरोप नाही. घागरीची आठवण मात्र राहिली! माझ्या लग्नात द्यायला म्हणून करून घेतलेली, वर ‘कल्याणप्पा शिवलिंगप्पा, नळदुर्ग’ असं ठसठशीत कोरलेली घागर अव्वानं माझ्याबरोबर इथं पाठवली, तेव्हा तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. विसरले नाही मी.

वसतिगृह बंद होत नाही. होणार होतं, ते खरं. नोटीस लागली होती. हौद कोरडा, टँकर तीन दिवसांतून एकदा आणि तोही अर्धा, तेव्हा मुलींनी आपापल्या गावी जावं. मुलांचं वसतिगृह चालूच! मुलं काय, कुठंही आंघोळ करतील, नाहीतर करणार नाहीत. आम्ही इथं एकोणीस जणी आहोत. दुष्काळात घरी गेलेली मुलगी परीक्षेला परत येते होय? तिला हळद लागते. तुमच्या कार्डात तेच तर लिहिलंय.

म्हणून मी रेक्टरबाईंकडं गेले. मॅट्रिक होऊन नुकती पी.यू.सी.ला आलेली पोरं रोज आमच्या फाटकाशी घुटमळतात, इंग्रजीच्या वह्या मागतात. खेड्यातून मराठीत शिकून आलेली पोरं ती, इथं सगळं इंग्रजीत, पार गळाठलेली. मी म्हटलं, बाई, आम्ही वरच्या वर्गातल्या मुली यांना शिकवतो. रोज सकाळी सहा ते सात, फाटकाच्या आत लिंबाखाली, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि शिकायला येईल त्यानं येताना एक घागर पाणी आणायचं. घागर नाही तर धडा नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, “मुलींनी मुलांना शिकवायचं?” मी म्हटलं, “मग मुलांनी पाणी आणायचं, हे तरी कुठं रीतीला धरून आहे?”

आमचे इंग्रजीचे सर म्हणाले, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे. मी म्हटलं, “असू द्या सर, पोरगा स्वतःचा घडा भरूनच आणतोय.”

आज नववा दिवस. सव्वीस पोरं येतात. पाणी दीड मैलावरून आणतात, आण्णासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीवरून. विहीर कशी मिळाली म्हणाल तर त्यांचा बब्रुवान इंग्रजीत दोनदा गचकलाय. आता तो सगळ्यांच्या पुढं बसतो आणि माझ्या वयाचा असून मला ‘ताई’ म्हणतो.

नोटीस फळ्यावरून उतरली. मी इथंच आहे. माझी सहामाही परीक्षा चांगली गेली, काळजी नसावी. उमरग्याच्या मंडळींना दुसरीकडं कुठंतरी बघायला सांगा.

तुमची (अजून तरी तुमचीच)
महानंदा


६ जानेवारी १९७३

अप्पा,

पाया पडते.

या वेळी कार्ड जरा मोठं होतं. शिकवण्याबद्दल एक ओळ, पाण्याबद्दल आठ. ‘मुलांना शिकवतेस ते कळले. ते पाणी कोणाकोणाच्या हातचे असते, ते कळविणे.’

कळवते. बब्रुवान, आण्णासाहेबांचा. श्रीपती, तेरखेड्याचा, ज्याच्या घरचे दिवाळीचे फटाके करतात. नानासाहेब नावाचा एक आहे, नाव एवढं मोठं आणि स्वतः माझ्या खांद्याला लागतो. हिंमतराव, त्याला ‘हिंमत’ म्हणून हाक मारली तरी दचकतो. आणि इतर.

वाचून समाधान झालं असेल तर सांगते, मला लाज वाटली. तुम्ही विचारलंत आणि मी मुकाट्यानं यादी दिली, याची. तहान लागल्यावर आम्ही एकोणीस जणी हौदात तांब्या बुडवतो, तेव्हा कुठलं पाणी कुणाचं ते पाण्याला तरी कळत असेल का हो? इकडं तुम्ही दर सोमवारी मठात बसून बसवण्णांनी जातीपाती कशा मोडल्या ते डोळे मिटून ऐकता. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मीही ऐकलंय. मग मोडलेलं परत सांधायला तुम्हाला कुणी सांगितलं?

घागर कुठं आहे म्हणून पुन्हा विचारलंत. आहे. रोज वापरात आहे.

अव्वाला सांगा, दाराशी उभी राहून वाट बघू नको. पायाला सूज येते तिच्या.

महानंदा


२ फेब्रुवारी १९७३

अप्पा,

आता सगळं सांगते. तुमच्या कानावर गेलंच आहे म्हटल्यावर झाकून तरी काय ठेवायचं?

टँकरच्या कामावर असलेले आपले शरणप्पाकाका भीमनगरात गेले होते, आणि तिथं रांगेत त्यांना आपली घागर दिसली. एका म्हाताऱ्या बाईच्या पुढ्यात, वर तुमचं नाव. काका थेट माझ्याकडं आले. “चोरीला गेली काय गं?” असं विचारलं. माझ्या जागी दुसरी असती तर ‘हो’ म्हणून सुटली असती. अप्पा, खरं सांगते, क्षणभर माझ्याही जिभेवर आलं होतं ते. गिळलं. म्हटलं, “नाही काका, मीच नेऊन देते. रोज.”

पुढं काकांनी तुम्हाला काय काय लिहिलं असेल, त्याचा अंदाज तुमच्या पत्रावरूनच आला. त्या माणसांसाठी तुम्ही जो शब्द वापरलात, तो मी माझ्या हातानं लिहिणार नाही.

पहिल्यापासून ऐका. सहामाही चांगली गेली म्हणून मी लिहिलं ते खोटं. गणितात मला शंभरात एकोणीस पडलेत. होय, मलाच. ‘आमची महानंदा आकड्यांची वाघीण’ म्हणून तुम्ही दुकानात गिऱ्हाइकांना सांगता, त्याच मला. कॅल्क्युलस माझ्या डोक्यावरून जात होतं. इंग्रजीची मास्तरीण म्हणून मिरवत होते आणि गणिताच्या तासाला माझा घाम निघत होता. नापास झाले असते तर तुम्ही स्वतः येऊन मला उचलून नेलं असतं, आणि तेव्हा माझ्याकडं बोलायला तोंड नसतं.

कोण शिकवील म्हणून सगळं कॉलेज पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत! माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर मच्छिंद्र बसतो. मूळचा माकणीचा. आईबाप नाहीत, इथं भीमनगरात आजीजवळ राहतो. बौद्ध आहे. त्याला चौऱ्याण्णव होते. दोन वर्षं एका वर्गात आहोत आणि मी त्याच्याशी एक वाक्य बोलले नव्हते. का नव्हते, ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

शेवटी गेले. म्हटलं, “मला गणित सांगाल? मी तुम्हाला इंग्रजीच्या माझ्या सगळ्या वह्या देते.”

तो म्हणाला, “वह्या नकोत.”

“मग?”

“शिकणाऱ्यानं घागर आणायची. नियम तुमीच केलाय न्हवं?”

मला वाटलं चेष्टा करतोय. तसं काही नव्हतं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाला, “त्या आण्णासाहेबाच्या विहिरीवर माझी आजी उभी ऱ्हायची. लांब. कुणी वरून वतलं तर वंजळीत घ्यायची, न्हायतर माघारी यायची. मला तुमचे उपकार नकोत आन माझे तुमच्यावर नकोत. नियम हाय, नियमानं शिकवतो.”

अप्पा, मला इतका राग आला! वसतिगृहात येऊन मथुराबाईंपुढं, म्हणजे आमच्या राखणदार बाईंपुढं, मी तणतणले, समजतो कोण स्वतःला? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सव्वीस पोरांच्या डोक्यावर घागरी दिल्यास तवा ग्वाड वाटलं व्हय? आता तुज्या कमरंवर आली तर टोचली?”

दोन दिवस मी नाकानं कांदे सोलत बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे घागर घेतली आणि मळ्याची वाट धरली.

विहिरीवर आण्णासाहेब स्वतः उभे. “कुणासाठी गं पोरी?”

“माझ्या मास्तरांसाठी.”

“कोण मास्तर?”

मी नाव सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, “विहीर तुझ्या बापाची न्हाय.”

मी म्हटलं, “खरंय. इंग्रजी पण माझ्या बापाचं नाही, तरी तुमच्या बब्रुवानला देतेय की.”

घे म्हणाले नाहीत आणि नको पण म्हणाले नाहीत. दोर तिथंच टाकून निघून गेले. मी पोहरा सोडला. पाणी इतकं खोल गेलंय की पोहरा बुडाल्याचा आवाज वर यायला वेळ लागतो. हात सोलून निघाले.

भरली घागर कमरेवर घेऊन भर बाजारातून भीमनगरात जाणं काय असतं ते मी लिहीत नाही. माणसं दुकानातून बाहेर येऊन बघत होती. बघू देत.

आजीचं नाव धुरपदाबाई. खडी फोडायच्या कामावर जाते, हाताची बोटं वाकलेली. मी दारात घागर उतरवली आणि म्हटलं, “घ्या आजी.” तर ती बाई चार पावलं मागं सरकली, खाली बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. सवयीनं! मी वरून ओतीन म्हणून! तिच्या स्वतःच्या दारात, अप्पा!

मी घागर तिच्यापुढं सरकवली. म्हटलं, “आजी, घागर तुमची आहे. ओंजळीत मावायची नाही.”

मच्छिंद्र आतून बघत होता. त्यानं पाटी काढली आणि पहिलं गणित घातलं.

तेव्हापासून रोज भरली घागर ठेवते, दुसऱ्या दिवशी रिकामी उचलते. दिवसभर ती त्यांच्याकडं असते, म्हणून काकांना टँकरच्या रांगेत दिसली. मच्छिंद्रची शिकवायची तऱ्हा पण सांगून ठेवते. तो मुद्दाम चुकीचं गणित सोडवतो आणि मला म्हणतो, धरा. चूक धरता आली नाही तर पुढं जात नाही. आठ दिवस मी एक चूक धरली नाही. आता दहातल्या सात धरते.

तुम्ही लिहिलंत, घागर परत आण, आमचं नाव त्या घरातून काढ. आणणार नाही. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. तोवर माझा मास्तर तोच, आणि नियम तोच.

अव्वाला हे पत्र पूर्ण वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

महानंदा


११ मार्च १९७३

अप्पा,

आज सकाळी तुम्ही मला बघितलंत. मी पण तुम्हाला बघितलं.

स्टँडकडून येणाऱ्या वळणावर. पांढरं धोतर, काळी छत्री, आणि केवढे वाळलात हो! माझ्या कमरेवर घागर होती, भरलेली. आपल्यात वीस पावलांचं अंतर असेल. तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता ओरडतील, हात धरून ओढत नेतील. त्याची तयारी मी महिनाभर करत होते, काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तुम्ही घागरीवरच्या नावाकडं बघितलंत आणि वळलात. पाठ फिरवून परत स्टँडकडं.

मी हाक मारली नाही. तुमच्या मागं धावले नाही. घागर खाली ठेवली असती तर धावता आलं असतं. नाही ठेवली. तिला पोचवायची वेळ झाली होती. भीमनगरात जाऊन घागर उतरवली, पाटीपुढं बसले आणि मग जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. मच्छिंद्र म्हणाला, “आज ऱ्हाऊ द्या.” मी म्हटलं, “नाही. घाला गणित.” रडता रडता पण त्या गणितातली चूक धरली मी.

नंतर मथुराबाईंनी सांगितलं, मी विहिरीवर गेले होते तेव्हा तुम्ही वसतिगृहाच्या पायरीवर तासभर बसला होता. लिंबाखाली बब्रुवान मोठ्यानं इंग्रजी वाचत होता ते ऐकत होता. ‘हे माझ्या मुलीनं शिकवलं का?’ असं विचारलंत. त्यांनी पाणी पुढं केलं तर ‘नको’ म्हणालात. ओठ फुटले होते म्हणे तुमचे. नळदुर्गापासून पहाटेच्या एस.टी.त धूळ खात आलात आणि पाणी नाकारलंत! कोणाचा सूड घेता हो? माझा का तुमच्या घशाचा?

मी चुकले असं मला वाटत नाही. पण तुम्ही तहानलेले परत गेलात, हे मला सहन होत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक खरी म्हणून दुसरी सोडणार नाही.

महानंदा


१७ जून १९७३

अप्पा,

निकाल लागला. गणितात एकाहत्तर. एकूणात दुसरा वर्ग. एकोणीस जणींपैकी अठरा परीक्षेला बसल्या. एकीला तिचे वडील घेऊन गेलेच. सव्वीस पोरांपैकी इंग्रजीत एकवीस सुटले, बब्रुवान धरून. आण्णासाहेबांनी पेढे पाठवले. मी पुडा घेतला आणि निरोप धाडला, भीमनगरात एक पुडा पाठवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी बब्रुवान स्वतः देऊन आला. मच्छिंद्र कॉलेजात पहिला आला. तुम्हाला ऐकायचं नसलं तरी लिहिते.

सुट्टीभर मी मथुराबाईंच्या खोलीत राहिले. राहिलेल्या पाच पोरांना शिकवतेय. तुमचं मे महिन्याचं कार्ड तिथंच मिळालं. ‘परीक्षा झाली. नियम संपला. घागर परत पाठवावी.’ माझ्याबद्दल, ये किंवा येऊ नको, काहीच नाही. नुसती घागर.

ते कार्ड मी मच्छिंद्रला दाखवलं. दाखवायला नको होतं. तो उठला, आत गेला, घागर पालथी करून निथळवली आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवली. म्हणाला, “घेऊन जा. आमी कुणाची वस्तू दाबून ठेवणारी माणसं न्हाय. आन कुणाचं नाव आमच्या घरात पायजेच असंबी न्हाय.” त्याचं बरोबर होतं. मी खाली मान घालून घागर उचलली. दारापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात धुरपदाआजी कामावरून आली. वाटेतच उभी. “कुठं चाललीस घेऊन?”

मी सांगितलं. वडिलांनी परत मागितलीय.

तिनं घागर माझ्या हातातून काढून घेतली. या वेळी मागं सरकली नाही, अप्पा. नातवाला म्हणाली, “तू गप. शिकलास म्हून लई शाना झालास व्हय? पानी कुनाच्या कमरंवर आलं ते म्या बघितलंय. ही ऱ्हाऊ दे हितं.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “उभ्या जल्मात म्या ह्या लोकांच्या घागरीला बोट लावलं न्हवतं. आता त्यांचं नाव माज्या दारात आलंय तर ऱ्हाऊ दे की. म्या काय पुसून टाकती व्हय? तुज्या बाला पायजे तर त्यानं यावं. म्या देती. पर आल्यासारखं तांब्याभर पानी पिऊन जावं, त्याच्याच घागरीतलं. तहानलेला माघारी गेला म्हनं मागं. आसं जाऊ न्हाय मानसानं.”

तेव्हा घागर मी पाठवत नाही. हवी असेल तर तुम्ही यायचं. स्टँडवरून सरळ, वेशीतून डावीकडं, समाजमंदिराच्या मागं तिसरं घर. मच्छिंद्र रागावलेला असेल, त्याच्याकडं लक्ष देऊ नका. तोही तुमच्यासारखाच आहे, वळून जाणारा. आजी बसायला पोतं टाकील.

मी रविवारी नळदुर्गला येतेय, अव्वाला भेटायला. दार उघडलंत तर आत येईन, नाही उघडलंत तर दुकानाच्या पायरीवर बसेन आणि तिला तिथूनच हाक मारीन. सगळी पेठ ऐकेल. माझा आवाज आता सव्वीस पोरांना पुरतो. मंगळवारी परत येणार, तिसऱ्या वर्षाची फी भरायची आहे. तुम्ही बरोबर येणार असाल तर दोन तिकिटं काढीन.

आणि एक. आजी घागर रोज चिंच आणि राख लावून घासते. आपल्याकडं ती फडताळात काळी पडली होती, आठवतं? नाव वाचायला तुम्हाला चष्मा आणावा लागणार नाही.

महानंदा